हवाप्रवेश मार्ग, मोटारगाडीच्या एंजिनाचा

अंतर्ज्वलन एंजिनात इंधन जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरून घेऊन, ती गाळून व तिचे प्रमाण नियंत्रित करून सिलिंडरांपर्यंत पोहोचविणाऱ्या भागांच्या साखळीस हवाप्रवेश मार्ग असे म्हणतात. हवा घेण्याचे तोंड, गाळणीपेटी व तीमधील गाळणी, रबरी नळी, हवेचा प्रवाह वा दाब मोजणारा संवेदक, थ्रॉटल झडप, मॅनिफोल्ड (प्रत्येक सिलिंडराकडे हवा वाटून देणारी बहुशाखी नळी) व प्रवेश झडपा हे त्याचे मुख्य भाग होत. जुन्या पेट्रोल एंजिनांत गाळणीनंतर कार्ब्युरेटर असे. आधुनिक डीझेल एंजिनांत गाळणीनंतर बहुधा टर्बोचार्जर असतो.

हवेचे प्रमाण व धुळीचे परिणाम : पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोल जळताना एंजिन सुमारे ११ किग्रॅ. हवा घेते; तिचे घनफळ जवळजवळ ९ घ.मी. भरते. ३५ लिटरची टाकी रिकामी होईपर्यंत ३०० घ.मी.हून अधिक हवा सिलिंडरांतून जाते. या हवेतील धूळ आत गेल्यास ती दट्ट्याच्या (पिस्टनच्या) कड्या व सिलिंडराची भिंत यांच्यामधील तेलाच्या पातळ थरात शिरते. धुळीतील स्फटिकी वालुकाकण ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. साधारणपणे ५ ते २० मायक्रॉन आकाराचे कण तेलाच्या थराच्या जाडीशी मिळतेजुळते असल्याने सर्वांत अधिक झीज घडवितात. तेल व धूळ यांचे मिश्रण घासपूड लावल्याप्रमाणे काम करते. संपीडन कमी होणे, वंगण तेल जळून निळसर धूर येणे व गाडीची ओढ घटणे ही त्याची लक्षणे होत. झालेली झीज कोणत्याही साफसफाईने भरून येत नाही. त्यासाठी एंजिन उघडून दुरुस्त करावे लागते.

वसई-विरार परिसर : हवाप्रवेश मार्गाला धूळ व पाणी या दोन्ही शत्रूंना तोंड द्यावे लागते, याचे उत्तम उदाहरण म्हणून पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) वसई-विरार शहराचा उल्लेख करता येईल. पूर्वेस तुंगारेश्वरच्या बेसाल्टी डोंगररांगा, दगडखाणी व मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील अवजड वाहतूक. पश्चिमेस अर्नाळा, राजोडी, कळंब येथील रेतीचे किनारे. दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणा नदी अशी त्याची रचना आहे. ऑक्टोबर ते मे या काळात दगडाची पूड व बांधकामाची धूळ गाळणीवर बसते. खाऱ्या दमट हवेने गाळणीपेटीच्या लोखंडी चिमट्यांस व संवेदकाच्या जोडाग्रांस गंज चढतो. जून ते सप्टेंबर या काळात सखल भागांत पाणी साचते. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले व रेल्वे वाहतूकही बंद पडली. वसईचा भाजीपाला व फुले मुंबईच्या बाजारात नेणारे टेंपो, प्रवासी रिक्षा व टॅक्सी यांच्या मालकांची उपजीविका गाडीच्या एंजिनावर अवलंबून असल्याने या भागांच्या निगेला येथे विशेष महत्त्व आहे.

गाळणीचे प्रकार व निगा : मोटारगाड्यांत घड्या घातलेल्या कागदाची गाळणी सर्वत्र रूढ आहे. ती काढण्यापूर्वी पेटीचे झाकण बाहेरून पुसून घ्यावे, नाहीतर झाकणावरील धूळ आत पडते. गाळणी सपाट पृष्ठावर हलके आपटून सुटी धूळ झाडावी. दाबित हवा वापरावयाची झाल्यास तिचा दाब सुमारे २ किग्रॅ./चौ. सेंमी. पेक्षा कमी ठेवावा, तोटी दूर धरावी व हवा स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे सोडावी. उलट दिशेने हवा सोडल्यास धूळ कागदाच्या रंध्रांत रुतते. दाब जास्त असल्यास कागद फाटतो. टायरच्या दुकानातील हवेचा दाब याहून पुष्कळ अधिक असल्याने ती थेट वापरणे धोक्याचे ठरते. कागदी गाळणी पाण्याने वा पेट्रोलने धुऊ नये. साफ केल्यावर तिच्या आत दिवा धरून पाहावे; प्रकाशाचा एखादाही ठळक ठिपका दिसल्यास ती टाकून द्यावी.

गाळणी जितक्या वेळा साफ करावी तितके चांगले, ही समजूत बरोबर नाही. कागदावर साचलेला धुळीचा पातळ थर स्वतःच सूक्ष्म कण अडवितो. शिवाय प्रत्येक हाताळणीत कडेची रबरी पट्टी दुमडण्याचा संभव असतो. पट्टीजवळ राहिलेल्या बारीक फटीतून न गाळलेली हवा सरळ आत जाते आणि गाळणी नवी असूनही झीज चालू राहते. निर्मात्याने नेमून दिलेल्या अंतरानुसार गाळणी बदलावी. खाणीच्या वा कच्च्या रस्त्यावर नित्य चालणाऱ्या गाडीची मात्र त्याच्या निम्म्या अंतरावर तपासणी करावी. गाळणीपुढील रबरी नळीचा आतील भाग पांढऱ्या फडक्याने पुसल्यास जोड निर्दोष आहे की नाही हे कळते. फडक्यावर धूळ दिसल्यास गळती आहे असे समजावे.

अनेक दुचाकींत तेल लावलेली कागदी गाळणी असते. ती झाडू नये, बदलावी. फोमची गाळणी साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून व किंचित तेल लावून पुन्हा बसविता येते. जुन्या जीपगाड्या व ट्रॅक्टर यांच्या तेलपात्री गाळणीतील गाळ काढून, पात्र रॉकेलने धुऊन नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. खुणेवर भरलेले तेल डीझेल एंजिनात ओढले जाऊन इंधनासारखे जळते व एंजिनाचा वेग आवरता येत नाही.

गाळणी तुंबल्याने पेट्रोल अधिक लागते, हे मुख्यतः प्रीमिअर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांबाबत खरे होते. आधुनिक गाडीत संगणक हवेनुसार इंधन मोजून देत असल्याने इंधनाच्या खपात विशेष फरक पडत नाही, पण वेग घेण्याची क्षमता कमी होते, असे अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ मधील चाचण्यांत आढळले. त्यामुळे खप वाढला नाही म्हणून गाळणी ठीक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

इतर भाग : भुजादंड-पेटीतून (क्रँककेसमधून) परत येणाऱ्या तेलाच्या वाफांमुळे थ्रॉटल झडपेच्या कडेस काळा चिकट थर जमतो व एंजिन मंद गतीत अडखळते. योग्य द्रावकात भिजविलेल्या मऊ फडक्याने हा थर पुसावा. विद्युत् नियंत्रित झडप बोटाने जोर लावून उघडू नये; तिचे दाते बिघडतात. प्रवाहमापक संवेदकातील तप्त तार अतिशय नाजूक असल्याने तिला स्पर्श न करता खास द्रावकाचा फवारा मारावा व ती पूर्ण वाळल्यावरच एंजिन सुरू करावे. सिलिंडरात थेट पेट्रोल सोडणाऱ्या एंजिनांत प्रवेश झडपा पेट्रोलाने धुतल्या जात नाहीत व त्यांवर कार्बनाचा थर साचतो. तो काढणे कुशल कारागिराचे काम आहे.

पाणी शिरल्यास : हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. १,२०० घ.सेंमी. क्षमतेच्या, चार सिलिंडरांच्या व १० : १ संपीडन गुणोत्तराच्या एंजिनात दट्ट्या वर आल्यावर प्रत्येक सिलिंडरात सुमारे ३३ घ.सेंमी. जागा उरते. याहून अधिक, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे पाणी आत गेले तरी दट्ट्या अडतो व कनेक्टिंग रॉड वाकतो. क्वचित तो तुटून एंजिनाचा ठोकळाही फुटतो. हवा घेण्याचे तोंड किती उंचीवर आहे हे मालकाने कोरड्या दिवसांतच पाहून ठेवावे. समोरून जाणाऱ्या ट्रकची लाट साचलेल्या पाण्याची पातळी क्षणभर बरीच वाढविते, हेही ध्यानात घ्यावे.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा किंवा धक्का मारून चालू करण्याचा प्रयत्न करू नये. मोठी मोडतोड अनेकदा या दुसऱ्या प्रयत्नातच होते. गाडी ढकलून वा ओढून बाहेर काढताना गिअर मोकळा ठेवावा व गाळणीपेटी उघडावी. गाळणी ओली असल्यास स्पार्क प्लग (डीझेल एंजिनात इंजेक्टर) काढून एंजिन हळूहळू फिरवावे व पाणी बाहेर टाकावे. वंगण तेल दुधाळ झाले असल्यास तेल व तेलगाळणी दोन्ही बदलावीत. पाणी शिरल्यावर एंजिन सुरू केल्याने झालेले नुकसान सर्वसाधारण मोटार विम्यात बहुधा परिणामी हानी म्हणून वगळले जाते. त्यासाठी एंजिन-संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. गाळणी व तिची रबरी पट्टी यांची किंमत एंजिनाच्या दुरुस्तीच्या खर्चाच्या मानाने नगण्य असते. पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा अशी वर्षातून दोनदा केलेली पाहणी कोकण किनाऱ्यावरील गाडीस सामान्यतः पुरेशी होते.