मुंग्यांची वाट आणि यंत्रमानवांचा थवा

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना चितेगाव लागते. या भागात कपाशीच्या शेतांत काठीला टांगलेली, खाली पिशवी लावलेली प्लास्टिकची नरसाळी दिसतात. हे कामगंध सापळे. गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा वास कृत्रिमरीत्या तयार करून त्यातील आमिषात भरलेला असतो. नर पतंग त्या वासामागे येतात व अडकतात. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, की उपाययोजनेची वेळ आली असे मानतात. आमिष जुने झाले की वास उडून जातो. मग सापळा रिकामा राहतो आणि शेतात अळी असूनही शेतकरी निर्धास्त राहतो.

एका प्राण्याने सोडलेल्या व त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याचे वर्तन बदलणाऱ्या अशा रसायनांना १९५९ पासून 'फेरोमोन' म्हणतात. आपण त्यांना गंधसंदेश म्हणू. हा संदेश किती वेळ टिकावा?

मुंग्यांकडे पाहू. ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये दोन फाट्यांचा पूल ठेवला. एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हीकडून गेल्या. पण आखूड फाट्यावरच्या मुंग्या लवकर परतल्या, त्यामुळे तेथे गंध लवकर साठला. गंध जास्त म्हणून मुंग्या जास्त, मुंग्या जास्त म्हणून गंध आणखी जास्त! थोड्याच वेळात बहुतेक मुंग्या आखूड वाटेने जाऊ लागल्या. अंतर मात्र एकीनेही मोजले नव्हते.

पुढे आधी फक्त लांब फाटा दिला आणि अर्ध्या तासाने आखूड फाटा जोडला. बहुतेक मुंग्या लांब वाटेनेच जात राहिल्या. जुना गंध पुरेसा उडालेला नव्हता. म्हणजे संदेश लवकर पुसला तरी फसगत, आणि फार टिकला तरी फसगत.

छोट्या यंत्रमानवांच्या थव्यालाही हेच लागू पडते. अशा थव्यात कोणी नायक नसतो. प्रत्येकाने जमिनीवर खूण सोडायची आणि इतरांनी ती वाचायची. काही यंत्रे बंद पडली तरी काम चालू राहते. पण उडून जाणारी खूण आणायची कोठून? १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू रसेल यांनी त्यासाठी आपल्या ओळखीचा कापूर वापरला. यंत्रमानव कापराची रेघ सोडी व वासावरून तिचा माग काढी. ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठात २०१५ मध्ये वेगळी युक्ती मांडली गेली. यंत्रमानव आडव्या पडद्यावर फिरतात, वरचा कॅमेरा त्यांच्यावर लक्ष ठेवतो आणि संगणक त्यांच्यामागे प्रकाशाची वाट उमटवतो. वाट किती वेगाने मंद व्हावी, हे आपण ठरवायचे. अर्थात असा पडदा शेतात अंथरता येणार नाही. म्हणून खऱ्या जमिनीवर चालेल अशी खूण शोधणे हे काम उरतेच.

शाळेच्या व्हरांड्यात मुंग्यांची रांग दिसली, तर विद्यार्थ्यांना एवढे करायला सांगावे. मुंग्यांना इजा न करता रांगेचा वीतभर भाग ओल्या फडक्याने पुसावा. मुंग्या कोठे थबकतात? वाट पुन्हा जुळायला किती मिनिटे लागतात? नोंद ठेवावी आणि मग वर्गात विचारावे : वाट कधीच पुसली गेली नसती, तर मुंग्यांचे काय झाले असते?