सापाचा रंग खरा कोणता?

"साप काळाकुट्ट होता, म्हणजे विषारीच असणार ना?"

विद्यार्थीमित्रांनो, पावसाळा लागला की लोणी काळभोरसारख्या गावात हा प्रश्न हमखास कानी पडतो. सोलापूर रस्त्यावरचे हे गाव सापांच्या दृष्टीने मोठे सोयीचे आहे. उसाचे फड आहेत, मुठेचा उजवा कालवा आहे, उत्तरेला मुळा-मुठा नदी आणि दक्षिणेला रामदऱ्याच्या बाजूची कोरडी टेकाडे. उसात उंदीर, पाण्यात बेडूक, टेकाडावर सरडे. मग साप का नसावेत? धामण, नाग, दिवड, मण्यार, घोणस, कवड्या, तस्कर, नानेटी अशी बरीच मंडळी या भागात आढळतात. पण "काळा होता" एवढ्यावरून त्यांपैकी कोण होता हे सांगता येईल काय?

धामणच घ्या. पुस्तकातल्या चित्रात ती पिवळसर तपकिरी असते. प्रत्यक्षात ती फिकट पिवळी, शेवाळी, करडी, गडद तपकिरी आणि क्वचित काळपटही दिसते. नागाचेही तसेच. कोणी गव्हाळ, कोणी तपकिरी, कोणी जवळजवळ काळा. फणीवरचा दहाचा आकडा तरी नक्की असावा, तर तोही काही नागांत अर्धवट असतो आणि काहींत मुळीच नसतो! गव्हाळ नाग आणि पिवळी धामण शेजारी शेजारी राहतात, आणि धामण ही नागाची मादी अशी एक जुनी समजूत आहे. ती साफ चुकीची आहे. धामण ही वेगळी जात असून ती बिनविषारी आहे, आणि नागांत नागाचीच मादी असते. उंदरांचा फडशा पाडणारी धामण या समजुतीपायी काठीखाली जाते, हे शेतकऱ्याच्याच तोट्याचे आहे.

मण्यारीच्या बाबतीत मात्र चूक माणसाच्या जिवावर बेतते. मण्यार म्हणजे काळा साप आणि पांढरे पट्टे, असे आपण पाठ केलेले असते. कवड्या हा बिनविषारी साप. त्याच्याही तपकिरी अंगावर फिकट पट्टे असतात. फरक पट्ट्यांच्या जागेत आहे. कवड्याचे पट्टे मानेकडे रुंद आणि ठळक असून शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, शेपटीकडे स्पष्ट. मानेकडे ते तुटक ठिपक्यांसारखे होतात किंवा नाहीसे होतात. पण पट्टे जवळजवळ नसलेली काळीभोर मण्यारही असते, आणि पट्टे नसलेला तपकिरी कवड्याही! मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावली तर पुष्कळदा दुखतही नाही. अशा वेळी "पट्टे नव्हते, मग मण्यार नसेल" असे म्हणून सकाळपर्यंत थांबणे फार महागात पडते. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मरण पावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतली होती. दंश झाला की रंगाची चर्चा न करता थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडची प्रतिविषलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्रच तयार केलेली असते. नाग काळा होता की गव्हाळ, याने उपचारात फरक पडत नाही.

आता हे रंग येतात कोठून ते पाहू. मी भौतिकशास्त्र शिकवतो. साप पकडणे हे माझे काम नव्हे, पण रंग हा मात्र माझ्या विषयातला आहे.

सापाच्या कातडीत रंगपेशींचे थर असतात. सर्वांत खाली काळ्या-तपकिरी रंगद्रव्याच्या, म्हणजे मेलॅनिनच्या पेशी. वरच्या थरात पिवळ्या आणि तांबड्या रंगद्रव्यांच्या पेशी. मधल्या पेशींत रंगद्रव्य नसतेच! तेथे ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, आणि ते ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परतवतात. घाटाकडच्या झाडीतला हरणटोळ पाहा. स्फटिकांवरून निळा-हिरवा प्रकाश परततो, वरचा पिवळा थर त्यातला निळा भाग शोषतो, आणि आपल्याला हिरवा साप दिसतो. याचा पुरावा संग्रहालयात मिळतो. हिरवा साप मद्यार्कात घालून ठेवला की पिवळे रंगद्रव्य हळूहळू विरघळते आणि साप चक्क निळा होतो.

या थरांचे प्रमाण कमीजास्त झाले की एकाच जातीत निरनिराळे रंग दिसतात. मेलॅनिन मुळीच नसेल तर वर्णहीन नाग जन्मतो. तो दुधासारखा पांढरा असेलच असे नाही, पुष्कळदा पिवळसर दिसतो, कारण पिवळे रंगद्रव्य शाबूत असते. डोळे मात्र लालसर. तो कोणी दैवी नाग नव्हे. त्याचे विषही इतर नागांसारखेच असते.

वयानेही रंग पालटतो. मांडुळाचे पिल्लू तांबूस असून त्यावर गडद पट्टे असतात. मोठे मांडूळ एकरंगी तपकिरी होते. कात टाकण्याआधी कोणताही साप मळकट दिसतो, डोळे निळसर-दुधी होतात, आणि कात टाकली की तोच साप नवा कोरा दिसू लागतो. नानेटी चिडून मान फुगवते तेव्हा खवल्यांमधली निळसर किंवा तांबडी कातडी उघडी पडते. पाहणाऱ्याला वाटते, हा दुसराच साप!

एवढे कमी म्हणून की काय, उजेडही आपल्याला फसवतो. संध्याकाळचा तिरपा प्रकाश वातावरणातून लांबवर येतो. वाटेत निळा भाग विखुरला जातो आणि तांबडा उरतो. त्या उजेडात करडी धामण तांबूस दिसते. मोकळ्या सावलीत निळ्या आकाशाचा उजेड असतो, तेथे ती निळसर. उसाच्या फडात पानांतून गाळून आलेला प्रकाश हिरवट असतो. दिवड कालव्यातून वर आली की ओल्या अंगामुळे गडद दिसते, आणि अंगावरचा चिखल वाळला की तिची चौकट झाकूनच जाते. त्यातून मोबाइलचा कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने रंग सुधारतो, ती भर वेगळीच.

यावर उपाय सोपा आहे. छायाचित्र काढल्यावर साप आपल्या वाटेने निघून जाऊ द्या. मग त्याच जागी, त्याच उजेडात, साधा पांढरा कागद ठेवून दुसरे चित्र घ्या. कागद तांबूस आला असेल तर सापाचा तांबूसपणाही तेवढाच उसना समजावा. वेळ, ऊन की सावली, आणि साप ओला की कोरडा, हेही वहीत लिहा. खवल्यांवरची चकाकी फार असेल तर कॅमेऱ्यासमोर ध्रुवक धरून फिरवून पाहा; चकाकी कमी होऊन खालचा रंग उठून दिसेल. भर दुपारी हे विशेष उपयोगी पडते.

मात्र हे सारे लांबून, आणि मोठे माणूस बरोबर असतानाच. बारा-पंधरा फुटांच्या आत जाऊ नये, काठीने डिवचू नये, बिळात हात घालू नये. दूरचे टिपणारे भिंग नसेल तर चित्र लहान येईल, येऊ द्या. साप पकडणे धोक्याचे तर आहेच, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. पुण्यात कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान आहे. काचेपलीकडचा साप शांतपणे निरखायला आणि पट्टे-ठिपके ओळखायला शिकण्यासाठी तेथे जावे. शिक्षकांनी वर्ग घेऊन जाण्यासारखी ती जागा आहे.

रंगाला बाजूला ठेवायचे तर मोजायचे काय? खवले! अंगाच्या मध्यावर, पोटाचे रुंद खवले सोडून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खवल्यांच्या ओळी मोजतात. दिवडीला १९, कवड्याला १७, धामणीला १७ किंवा १६, मण्यारीला बहुधा १५ ओळी, आणि मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीचे खवले षटकोनी व इतरांपेक्षा मोठे. रंग गव्हाळ असो वा काळा, हे आकडे सहसा बदलत नाहीत. जिवंत सापावर असली मोजणी करायला जाऊ नका. बांधावर पडलेली कात त्यासाठी उत्तम. ती बहुतेक रंगहीन असते, कारण रंगपेशी सापाबरोबरच गेलेल्या असतात. तिच्याशेजारी मोजपट्टी ठेवून जवळून छायाचित्र घ्या, ते घरी मोठे करून ओळी मोजा, आणि कातीला हात लागला असेल तर साबणाने धुवा. लोणीच्या कालव्याकाठी सापडलेल्या कातीवर १९ ओळी निघाल्या आणि खवल्यांवर मधोमध बारीक उभी धार दिसली, तर ती बहुधा दिवडीची.