अंधारात जमीन शोधताना

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात वस्त्या एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तिथे रुग्णापर्यंत विमानाने पोचण्याची सेवा जॉन फ्लिन यांच्या पुढाकाराने १९२८ साली क्लॉनकरी या गावी सुरू झाली. 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस' या नावाने ती आजही चालू आहे. दुखणे काही दिवस-रात्र पाहून येत नाही. त्यामुळे ही विमाने रात्रीही उतरतात, कधी कधी तर मातीच्या धावपट्टीवर. अशा वेळी विमान जमिनीवर जोरात आदळण्याचा, म्हणजेच 'हार्ड लँडिंग'चा धोका का वाढतो?

आधी थोडे गणित करू या. उतरणारे विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे १९ मीटर पुढे गेले की १ मीटर खाली. छोट्या रुग्णविमानाचा वेग सेकंदाला ५१ मीटर (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) धरला, तर ते सेकंदाला २.७ मीटर खाली येत असते. तसेच जमिनीला टेकले, तर ३७ सेंटिमीटर उंचीवरून सोडून दिल्यासारखे होईल. उंची फार वाटत नाही, पण सोडायची वस्तू चार-पाच टनांची आहे! विमानाची चाके आणि त्यांचे दट्टे सेकंदाला साधारण ३ मीटर वेगाचा आघात सोसतील असे बनवतात. म्हणजे मर्यादा फारशी लांब नाही.

म्हणून जमीन काही मीटरवर आली की वैमानिक विमानाचे नाक हळूच वर उचलतो. पंखांची उचल वाढते आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरवर येतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे वेग सुमारे पाचपट कमी झाला की दट्ट्यांना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ तीसपट कमी होते. स्ट्रेचरवर बांधलेल्या, मणका दुखावलेल्या रुग्णाला हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

नाक नेमके कधी उचलायचे? दिवसा गवत, दगड, झुडपे डोळ्यांच्या कडेने सरकताना दिसतात आणि त्यावरून उंचीचा अंदाज येतो. रात्री यातले काहीच नसते. असतात त्या फक्त कडेच्या दिव्यांच्या दोन रांगा आणि विमानाच्या दिव्याने उजळलेला एक तुकडा. नाक उशिरा उचलले तर विमान आदळते. फार लवकर उचलले तर ते तरंगत राहते, वेग घटतो, उचल संपते आणि मग ते खाली पडते. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

धावपट्टीची रुंदीही फसवते. सवयीपेक्षा अरुंद पट्टी लांबची वाटते. आपण अजून बरेच उंच आहोत असे समजून वैमानिक नाक उशिरा उचलतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. वेगवेगळ्या रुंदीच्या दोन पांढऱ्या पट्ट्या अंधाऱ्या खोलीत सारख्याच अंतरावर उभ्या धरा. त्यांच्यावर फक्त बॅटरीचा झोत टाका आणि एक डोळा मिटून पाहायला सांगा. कोणती जवळ वाटते?

आणखी एक भ्रम म्हणजे 'कृष्णविवर भ्रम'. खगोलशास्त्रातल्या कृष्णविवराशी याचा संबंध नाही. धावपट्टीच्या अलीकडे काळोखाशिवाय काहीच नसेल, तर आपण आहोत त्याहून उंच आहोत असे वाटते. बोइंग कंपनीतले मानसशास्त्रज्ञ कॉनराड क्राफ्ट यांनी १९६०च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवले. अनुभवी वैमानिकही नुसत्या डोळ्यांवर विसंबले की फार खाली येत होते.

यावर उपाय म्हणून मोठ्या धावपट्ट्यांशेजारी चार दिव्यांची रांग असते. दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर उतार योग्य. चारही तांबडे दिसले तर विमान धोकादायकरीत्या खाली आहे. उंची मोजणारी उपकरणेही असतात. पण मातीच्या पट्टीवर असे दिवे सहसा नसतात आणि शेवटच्या काही मीटरांत निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

शंका आली तर न उतरता पुन्हा वर जाणे, हाच त्यातला शहाणपणाचा निर्णय. रुग्ण अत्यवस्थ आहे हे कळले की तो घेणे कठीण होते. म्हणूनच अनेक हवाई रुग्णसेवांमध्ये रुग्णाची अवस्था वैमानिकाला मुद्दाम सांगत नाहीत. घाई करू नये हे कळण्यासाठी कधी कधी कमी माहिती असणेच बरे!