टायमिंग चेन निकामी झाल्याने होणारी इंजिनाची हानी : कारणमीमांसा व अध्यापन

प्रस्तावना

इंदूरजवळ धार जिल्ह्यात पीथमपूर ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. आयशर, फोर्स मोटर्स यांसारख्या कंपन्यांचे वाहननिर्मितीचे कारखाने तेथे असल्यामुळे या परिसरातील तरुण मोटार-दुरुस्तीच्या अभ्यासक्रमांकडे वळणे स्वाभाविक आहे. या विद्यार्थ्यांच्या कानांवर एक वाक्य सतत पडते : ‘पट्टा बदलावा लागतो, चेन मात्र इंजिनाच्या आयुष्यभर टिकते.’ हे विधान अर्धसत्य आहे. चेन टिकते ती ऑइलच्या बळावर. ते बळ सुटले की तीच चेन इंजिनाचा घात करते. ही हानी नेमकी कशी होते आणि ती वर्गात कशी समजावून द्यावी, याचा विचार सदर लेखात केला आहे.

काळाचा मेळ

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. क्रँकशाफ्ट पिस्टन वरखाली करतो, कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो व मिटतो. या दोहोंना एका तालात बांधणारा दुवा म्हणजे टायमिंग चेन. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो व मिटतो. यावरून ताल चुकल्यास काय होईल, याची कल्पना यावी.

उदाहरणादाखल फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन घेऊ. भारतात ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये ‘डीडीआयएस’ या नावाने, तर टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये ‘क्वाड्राजेट’ या नावाने आले. २०२० मध्ये मारुतीने डिझेल मोटारींचे उत्पादन थांबवले, तरी या इंजिनाच्या जुन्या गाड्या गॅरेजमध्ये येत असतात. या इंजिनाला टायमिंग चेन आहे.

त्याची एकूण क्षमता १२४८ घनसेंमी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरची ३१२ घनसेंमी. हवा सुमारे १७ ते १८ पट दाबली जात असल्याने पिस्टन माथ्यावर पोहोचतो तेव्हा वर केवळ १९ घनसेंमीच्या आसपास जागा उरते. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिमी आहे. ही सर्व जागा सपाट पसरली असे मानले, तरी तिची उंची ५ मिमीच भरते. प्रत्यक्षात तिचा बराच भाग पिस्टनमधील खळग्यात असतो. उलट लहान मोटारींतील व्हॉल्व्ह साधारणतः ७ ते ९ मिमी खाली उतरतो. म्हणजे पिस्टन वर असताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहिला, तर टक्कर अटळ आहे. हे गणित फळ्यावर सोडवून दाखवावे.

चेन का निकामी होते?

‘चेन ताणली’ असे आपण म्हणतो, परंतु पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक जोडातील पिन व बुश झिजतात. एका जोडात ०.०१ मिमी झीज झाली, तर १३० जोडांच्या चेनची लांबी १.३ मिमीने वाढते. डिझेल इंजिनातील काजळी ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल वेळेवर न बदलल्यास ही झीज वाढवते.

अनेक इंजिनांत ढिली झालेली चेन ताठ ठेवणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइलची पातळी घटली किंवा त्याची वाट गाळाने चोंदली, की टेन्शनर दुबळा पडतो, चेन गाइडवर आपटते आणि अखेर दाता सोडते. क्रँकच्या चाकाला २० दाते असतील, तर एक दाता सुटल्याने टायमिंग १८ अंशांनी चुकते. गिअरमध्ये उभी केलेली गाडी उतारावर सरकून इंजिन उलटे फिरले, तरी हा धोका संभवतो. त्या वेळी ऑइलला दाब नसतो.

हानीचे स्वरूप

चेन तुटली की कॅमशाफ्ट थांबतो, पण गाडीच्या वेगामुळे क्रँकशाफ्ट फिरतच राहतो. उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वाकतात, त्यांचे गाइड तडकतात, रॉकर मोडतात, पिस्टनच्या माथ्यावर वण उमटतात. व्हॉल्व्हचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडल्यास हेड व पिस्टन दोन्ही निकामी होतात. काही इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन यांच्यात पुरेशी जागा ठेवलेली असल्याने अशी टक्कर होत नाही. डिझेल इंजिनांत मात्र अशी सवलत सहसा नसते.

बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल्फ मारून किंवा ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न हानीत भर घालतो. सेल्फ नेहमीपेक्षा हलका व भरभर फिरत असेल, तर कॉम्प्रेशन गेल्याची शंका घ्यावी. ऑइल भरण्याच्या तोंडातून कॅमशाफ्ट दिसत असल्यास इंजिन हाताने हळूच थोडे फिरवून तो हलतो का, हे पाहावे. अडथळा जाणवताच थांबावे. त्यानंतरच हेड उतरवण्याचा निर्णय घ्यावा.

चेन बहुधा सूचना देऊन जाते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना काही सेकंद येणारी खडखड, सुरू होण्यास लागणारा वेळ, घटलेली ओढ आणि क्रँक-कॅम सेन्सरांचा मेळ चुकल्याचा संकेत ही तिची लक्षणे होत.

अध्यापनासाठी सूचना

१. मोटारसायकलच्या अनेक इंजिनांतही टायमिंग चेन असते. भंगारातील असे एक इंजिन वर्गात पुरेसे आहे.

२. जुनी व नवी चेन समान कड्या मोजून शेजारी ताणून धरावी व फरक पट्टीने मोजावा.

३. पिस्टनच्या माथ्यावर मऊ प्लॅस्टिसिन ठेवून, हेड बसवून, इंजिन हाताने फिरवावे. दबलेल्या थराची जाडी म्हणजे व्हॉल्व्ह व पिस्टन यांतील अंतर होय.

४. चेन बदलताना टेन्शनर व गाइडही तपासण्याची आणि ऑइलची वाट स्वच्छ करण्याची सवय लावावी.

समारोप

ज्याची चूल टॅक्सीवर पेटते, त्याला हेडच्या दुरुस्तीचा खर्च ऑइल-फिल्टर बदलण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट पडतो. शिवाय गाडी उभी राहिली, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. केवळ मोडलेला भाग बदलून देणारा कारागीर अशा गिऱ्हाइकाला वाचवू शकत नाही. सकाळची खडखड ऐकून ‘आजच ऑइल व टेन्शनर पाहू’ असे सांगणारा कारागीर वाचवू शकतो, आणि तो घडवणे हे आपल्या वर्गाचे काम आहे.