आफ्रिकेची सहल : तयारी जाण्याची आणि परतण्याचीही

'सफारी' हा पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला शब्द. आपली 'सफर' आणि त्यांची 'सफारी' या दोन्हींचे मूळ अरबी. पूर्वी आपल्याकडची मंडळी काशी-रामेश्वर झाले की समाधान मानीत. आता निवृत्त प्राध्यापक, व्यापारी, मुले परदेशी असलेली जोडपी केनियातील मसाई मारा किंवा टांझानियातील सेरेंगेटी पाहायला निघतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात मारामध्ये विल्डबीस्ट या प्राण्यांचे प्रचंड कळप उतरतात. तो देखावा जन्मात एकदा पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही.

तिकीट, मुक्काम, जेवण हे सारे सहल कंपनी पाहते. शरीराची तयारी मात्र ज्याची त्यालाच करावी लागते. ही तयारी निघण्यापूर्वी दीड-दोन महिने सुरू होते आणि परतल्यानंतरही तीन महिने संपत नाही.

पिवळ्या तापाची लस

केनिया, युगांडा यांसारख्या देशांत पिवळा ताप (यलो फीवर) आढळतो. हा विषाणूजन्य आजार डासांमार्फत पसरतो. त्यात कावीळ व रक्तस्राव होऊन रोगी दगावू शकतो. खास औषध नाही, पण लस उत्तम आहे. ती तयार करणारे मॅक्स थायलर यांना १९५१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या लसीच्या दाखल्याबाबत पुष्कळांचा गैरसमज असतो. त्यांना वाटते, हा दाखला तिकडचे सरकार मागते. खरे म्हणजे त्याबाबत अधिक कडक आहे ते आपलेच सरकार. अशा देशातून परतणाऱ्या प्रवाशाजवळ दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते.

एवढी कडक शिस्त कशासाठी? भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास घरोघर आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हौद, टाक्या, पिंपे भरून ठेवावी लागतात. या डासाला आणखी काय हवे? चिकनगुन्याचेच उदाहरण घ्या. हा आजार प्रथम १९५२-५३ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात ओळखला गेला. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली. २००६ साली मराठवाड्यात घरोघरी माणसे सांधे धरून बसली होती, तेव्हाचा विषाणूही आफ्रिकी वंशाचाच होता. २०१६ साली अंगोलातील साथीच्या वेळी तेथून चीनला परतलेल्या अकरा जणांना पिवळा ताप असल्याचे आढळले. तो धोका आपल्या दारात येऊ नये म्हणून हा दाखला आहे. तो आपल्या शेजाऱ्यासाठीही असतो.

ही लस गावातल्या दवाखान्यात मिळत नाही. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर देतात. अशी केंद्रे मुंबई-पुण्याला आहेत. आधी चौकशी करून, दिवस ठरवून, पासपोर्ट घेऊन जावे. टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. म्हणून निघायच्या आठवड्यात धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

ही लस जिवंत विषाणूंची असल्यामुळे सर्वांना चालत नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, कर्करोगाचे उपचार, स्टिरॉइडचे मोठे डोस, प्रतिकारशक्ती घटवणारे आजार यांची माहिती डॉक्टरांना आधी द्यावी. साठीनंतर पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांत गंभीर त्रासाचे प्रमाण थोडे जास्त असते. म्हणून आगाऊ पैसे भरण्यापूर्वीच सल्ला घ्यावा. ज्यांना लस चालत नाही त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर अभयारण्याचा विचार करावा. तो देश पिवळ्या तापाच्या यादीत नाही. मात्र वाटेत नैरोबी किंवा अदिस अबाबाला विमान बदलणार असाल, तर नियम आधी विचारून घ्या.

"मलेरिया आम्हाला काय नवा?"

असे म्हणणारे बरेच भेटतात. हिवताप डासांमार्फत पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी मिळाला, तोही आपल्याकडून रेल्वेने रातोरात पोहोचता येते त्या सिकंदराबादला. तेव्हा हा आजार आपल्या ओळखीचा आहे खरा. पण आफ्रिकेतला बहुतेक हिवताप फाल्सिपेरम जातीचा असतो. तो मेंदूत शिरला की दोन-चार दिवसांत जीव घेऊ शकतो. पूर्वी इथे कधी हिवताप होऊन गेला असेल, तरी त्यामुळे तिथे संरक्षण मिळत नाही. आपली जुनी क्लोरोक्विनची गोळीही तिथे निकामी ठरली आहे.

प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन यांपैकी एक औषध दिले जाते. पहिले निघण्यापूर्वी एक-दोन दिवस सुरू करून रोज घ्यायचे, दुसरे दोन आठवडे आधीपासून आठवड्यातून एकदा. दोन्ही परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये. त्याने ऊनही बाधते. गरोदर स्त्रिया व लहान मुलांना ते देत नाहीत. फिट्स किंवा मानसिक आजार असणाऱ्यांना मेफ्लोक्विन चालत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर गोळ्या आणू नयेत. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारे मलम आणि मच्छरदाणी हवीच. कपडे फिक्या रंगाचे असावेत, कारण गडद निळ्या-काळ्या रंगाकडे तिथली त्सेत्से माशी ओढली जाते.

जीपमधले दिवस

मसाई मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास आहे. पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर घ्यावा. जंगलात गाडीतून उतरता येत नाही, म्हणून अनेक जण, विशेषतः भगिनी, पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, मूतखड्याचा त्रास ओढवतो. पाणी प्यावे आणि थांब्याची वेळ चालकाला आधीच विचारून घ्यावी. कंबरदुखी असणाऱ्यांनी पट्टा घ्यावा व मागची जागा टाळावी.

मधुमेह व रक्तदाबाची औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. इन्शुलिन सामानाच्या बॅगेत देऊ नये. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासांनी मागे आहे, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा फारशा बिघडत नाहीत. टायफॉइड, हिपॅटायटिस ए व धनुर्वात यांच्या लसींबद्दलही विचारून घ्यावे.

परतल्यानंतर

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इथे. फोटो दाखवून होतात, पेढे वाटून होतात आणि पंधरा-वीस दिवसांनी ताप येतो. 'हवा बदलली' म्हणून घरचीच गोळी घेतली जाते. डॉक्टरांनाही हा माणूस कुठून आला ते माहीत नसते. आफ्रिकेहून परतल्यावर तीन महिन्यांत आलेला कोणताही ताप, रक्त तपासून खात्री होईपर्यंत हिवतापच समजावा. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. पहिली तपासणी निर्दोष आली तरी ताप असेपर्यंत ती पुन्हा करावी. गोळ्या नियमित घेतल्या होत्या म्हणून निर्धास्त राहू नये.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर परतीच्या तारखेपासून तीन महिन्यांची खूण करून ठेवा. त्या काळात ताप आला तर डॉक्टरांपुढे बसताच पहिले वाक्य हेच म्हणा : "डॉक्टर, मी आफ्रिकेला जाऊन आलो आहे."