घरे वाढली, बिऱ्हाडे उठली

आमच्या महाविद्यालयातील एक लिपिक सोळा वर्षे डोंबिवलीच्या रामनगरमध्ये एका जुन्या दुमजली इमारतीत दीड खोलीचे बिऱ्हाड करून राहत होते. दर अकरा महिन्यांनी करार नवा व्हायचा आणि भाडे थोडे वाढायचे. पुढे इमारत अतिधोकादायक ठरली आणि पुनर्विकास सुरू झाला. पागडीच्या भाडेकरूंना नव्या इमारतीत मालकीची सदनिका मिळणार आहे, आणि ती तयार होईपर्यंत त्यांचे भाडे विकासक देतो. आमच्या लिपिकांचा करार मात्र पुन्हा झाला नाही. आता ते वासिंदला राहतात. मुलीची शाळा सुटली, आणि आसपासच्या घरी पोळ्या करून पत्नीला जे चार पैसे मिळत तेही गेले. या सर्व व्यवहारात बेकायदा असे काहीच घडलेले नाही, आणि नेमकी तीच चिंतेची गोष्ट आहे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. जुन्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे होती असे धरा. त्यांतील सोळा पागडीची व आठ कराराची. तिच्या जागी साठ सदनिकांची इमारत उभी राहिली. सरकारी नोंदीत छत्तीस घरांची भर पडली. पण अल्प वेतनाच्या माणसाला परवडेल अशी भाड्याची खोली त्या साठांत एकही नाही. जी आठ बिऱ्हाडे उठली त्यांची नोंद ना महापालिकेत होते, ना गृहनिर्माण खात्यात. ठाण्यातील नौपाडा आणि चरई, कल्याणातील पारनाका, डोंबिवलीतील विष्णुनगर या वस्त्यांतून फिरताना क्रेनच्या छायेत हाच हिशेब पुनःपुन्हा घडताना दिसतो.

हा स्वस्त खोल्यांचा साठा सरकारने निर्माण केलेला नव्हता. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रेल्वे आली. पुढे मुंबईत जागा मिळेना तेव्हा कारकून, शिक्षक, गिरणीतील जॉबर या मार्गावर उतरले, आणि त्यांच्यासाठी खासगी मालकांनी चाळी व लहान इमारती बांधल्या. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, पण जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या भाड्यात गिलावाही होईना, मग मालकाने दुरुस्ती सोडली आणि भाड्यासाठी घरे बांधणेही सोडले. भाडी अशी गोठवून ठेवणे आता न्याय्य राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. तोवर इमारती थकल्या होत्या.

तेव्हा जुन्या भिंती जशाच्या तशा राखाव्यात असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. २०१५ च्या जुलैअखेरीस ठाकुर्लीत मातृकृपा इमारत कोसळून नऊ माणसे गेली. आठवडाभरातच नौपाड्यातील कृष्णा निवासने आणखी बारा जणांचा बळी घेतला. पुनर्विकास हवाच. प्रश्न एवढाच, की त्यात काय टिकवायचे आणि काय जाऊ द्यायचे?

जुन्या भाडेकरूचे हक्क कायद्याने बऱ्याच अंशी टिकवले आहेत. इमारत जमीनदोस्त झाली तरी भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. म्हणून घर रिकामे करण्यापूर्वी आपल्या ताब्यातील क्षेत्रफळाचा दाखला महापालिकेकडून घ्यावा, हे प्रत्येक भाडेकरूने ध्यानात ठेवावे. परंतु लीव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याला हे छत्र नाही. आणि ज्याची कोठेच गणना नाही असा तिसराही एक वर्ग आहे : उद्या येणारा. जळगावहून शिकायला आलेला विद्यार्थी, नव्याने नेमणूक झालेली परिचारिका, तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण प्राध्यापक. शहरात पाय ठेवण्यासाठी त्यांना जी पहिली पायरी लागते, तीच आपण काढून घेत आहोत.

मागणी मात्र नाहीशी होत नाही. ती अन्य वाटा शोधते. कायदेशीर बाजार जे घर देत नाही ते बेकायदा बाजार देतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळून ७४ जण ठार झाले. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट परवानग्यांच्या आधारे त्यांना रेराचे क्रमांकही मिळाले होते. तेथे आयुष्याची पुंजी घालणारे लोक सगळेच अविचारी होते काय? परवडणारे दुसरे काही त्यांना दिसत नव्हते, एवढेच.

शासनाने काहीच केले नाही असेही नाही. मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना वीस टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात. पण चार हजार चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक एकर. चाळ वा जुनी इमारत सहसा याच्या अंशभर जागेवर उभी असते; म्हणजे जेथे स्वस्त घरे प्रत्यक्ष नष्ट होतात तेथेच हा नियम गैरहजर आहे. शिवाय ती घरे विकायची असतात, भाड्याने द्यायची नव्हेत. २००८ मध्ये प्राधिकरणाने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली, पण पुढे तिचे रूपांतर विक्रीच्या घरांच्या योजनेत झाले. ठाण्यात तयार झालेली काही घरे धोकादायक इमारतींतील रहिवाशांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी वापरली गेली.

एकदा हरवलेला साठा परत मिळवणे किती दुष्कर असते, याचे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोत आहे. तेथील चायनाटाउनच्या सीमेवरील इंटरनॅशनल हॉटेल या इमारतीत वृद्ध फिलिपिनो व चिनी कामगार स्वस्त भाड्याने राहत असत. १९७७ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांकरवी त्यांना बाहेर काढले गेले आणि पुढे इमारत पाडली गेली. तो भूखंड वर्षानुवर्षे ओसाड पडला. लोकांच्या चिकाटीमुळे त्याच जागी वृद्धांसाठी शंभराहून अधिक स्वस्त घरे उभी राहिली, पण २००५ मध्ये. अठ्ठावीस वर्षांत मूळचे बहुतेक रहिवासी काळाच्या पडद्याआड गेले होते.

आपल्याकडे उपाय अशक्य नाही. पुनर्विकासाचा नफा येतो तो वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकातून, आणि तो निर्देशांक मालकाने वा विकासकाने निर्माण केलेला नसून सार्वजनिक नियमाने दिलेला असतो. पाणी, रस्ते, रेल्वे यांचा भार समाजच वाहतो. तेव्हा त्या वाढीवर समाजाचाही वाटा आहे. प्रत्येक पुनर्विकासात, भूखंड कितीही लहान असो, पाडल्या जाणाऱ्या भाड्याच्या खोल्यांची प्रथम नोंद व्हावी. वाढीव क्षेत्राचा एक लहानसा, आधी ठरवलेला हिस्सा विक्रीस बंदी असलेल्या भाड्याच्या खोल्यांसाठी महापालिकेकडे यावा. जेथे जागा अपुरी असेल तेथे त्याचे मूल्य घेऊन त्याच प्रभागात खोल्या बांधाव्यात.

यामुळे घरे महागतील, असा आक्षेप येईल. परंतु जमिनीची किंमत ही घराच्या किमतीचे कारण नसून परिणाम असते, हा रिकार्डोपासूनचा धडा आहे. जो भार सर्वांना आधीच ठाऊक असतो तो मुख्यतः जमिनीच्या भावातून वजा होतो. महापालिका चांगली घरमालक होईल काय, ही शंका अधिक रास्त आहे. त्यासाठी व्यवस्थापन सहकारी संस्थांकडे द्यावे, आणि भाडे निदान दुरुस्तीचा खर्च भागेल इतके असावे. १९४७ ची चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

वासिंदहून येणारे आमचे लिपिक हल्ली साडेपाचला घर सोडतात. महाविद्यालयात ते कधी उशिरा पोहोचत नाहीत. येताना गाडी डोंबिवलीस थांबते. फलाटावरून त्यांना आपल्या जुन्या इमारतीच्या जागी चाललेले काम दिसते. परवा ते म्हणाले, “सर, अकरावा मजला झाला.” त्यांच्या स्वरात कटुता नव्हती. त्या मजल्यांच्या हिशेबात त्यांची दीड खोली मात्र कोणीही धरलेली नाही.