कॉलेजातल्या मुलांचे व्यसन वेळीच ओळखा

आपल्या वस्तीतली कितीतरी मुले-मुली घराण्यातली पहिली पदवी घ्यायला कॉलेजात जातात. त्यांच्या फीसाठी आईने चार घरची धुणीभांडी केलेली असतात, वडिलांनी जादा पाळी केलेली असते. त्यामुळे मूल नशा करते अशी शंका आली, तरी घर ती दाबून टाकते. विहारात पंचशील म्हणणाऱ्या घराला तर लाज जास्तच वाटते. वस्त्यांत काम करताना आम्ही हेच पाहतो. लोक उपचाराला येतात, तोवर मुलाचे वर्ष वाया गेलेले असते.

खोली दहा बाय दहाची असली, की बदल लपत नाही. नीट पाहिले तर दिसतो. हजेरी घटते, एटीकेटी वाढतात, जुने मित्र तुटतात. पैशांची मागणी वाढते, घरातल्या वस्तू नाहीशा होतात. आंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष होते.

शरीरही सांगते. गांजाने डोळे लाल होतात, अवेळी भूक लागते. एमडी घेणाऱ्याच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, रात्र-रात्र झोप नसते, जेवण तुटते, उगाच संशय वाढतो. ब्राऊन शुगर किंवा कोडीनचे खोकल्याचे औषध घेणाऱ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, बसल्या बसल्या डुलकी लागते. झोपेच्या गोळ्यांनी जीभ जड होते, तोल जातो. सोल्यूशन किंवा व्हाइटनर हुंगणाऱ्याच्या कपड्यांना उग्र वास येतो, नाकातोंडाभोवती पुरळ उठते.

मात्र एका लक्षणावरून आरोप करू नका. वजन टीबीनेही घटते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्या. उदास मूलही गप्प राहते.

व्यसन जडले आहे का, हे पाहायला चार प्रश्न पुरतात. पूर्वीच्या प्रमाणात भागत नाही का? मिळाले नाही तर हात थरथरणे, अंगदुखी, नाक गळणे, जुलाब असा त्रास होतो का? ठरवूनही थांबता येत नाही का? नुकसान दिसत असूनही चालूच आहे का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना 'हो' असेल, तर डॉक्टरांकडे न्या.

मारहाण करू नका. खोलीत कोंडून नशा तोडायला जाऊ नका. रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या, तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. नशेत मूल हलवूनही उठत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील, तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

उपचार जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात मिळतो. १४४१६ हा टेलिमानसचा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पोलिसांच्या भीतीनेही अनेक जण थांबतात. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, स्वतः सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी स्वखुशीने सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. नशेने मन बेसावध होते, म्हणून पाचवे शील आहे. शील मोडलेल्या लेकराला घराबाहेर काढा, असे धम्म सांगत नाही. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या विषयावर बोला. कुणाच्या मुलाचे नाव न घेता, पण वरचे दोन्ही क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून.